मिलवॉकीचं तळं, ज्वारीची बिअर अन् चोथ्याचा प्रश्न

धुरेकरी | ६ एप्रिल, सकाळी ६.४०

नमस्कार मंडळी. लेक-जावई अमेरिकेत मिलवॉकी नावाच्या गावी राहतात. यंदा त्यांनी तिकिटंच पाठवली. २० एप्रिलला मी आणि सौ. निघतो, मृगाच्या आधी परत. शहर मिशिगन तळ्याच्या काठावर आहे. जावयाने काल फोनवर बेत वाचून दाखवला: तीन ब्रुअरी (बिअर करायचे कारखाने), दोन माशांची हॉटेलं, एक चीजचं दुकान अन् "उरलेला वेळ तळ्यावर फिरू, बाबा."

आता मी आर्वी तालुक्यातला. आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, तेव्हा मी पाचवीत होतो. म्हणजे माझं सगळं कळतं वय बंदीतच गेलं. (वर्धा नदीचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा लागतो, ती गोष्ट वेगळी. लग्नाकार्यात दोन-चारदा बाटलीतली बिअर घेतली आहे, खोटं कशाला बोलू.) पिण्यात मला फार रस नाही. पण धान्यापासून ती होते कशी, ते मात्र डोळ्याने पाहायचं आहे. तिकडे कोणी असेल तर सांगा, काय पाहण्यासारखं आहे, काय सोडून द्यावं. सौ. माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. ती काय खाईल? थंडी किती असते?

बोंडअळी | ६ एप्रिल, सकाळी ७.१५

काका, इकडे पारा त्रेचाळीसले टेकून राह्यला अन् तुमी बिअर प्यायले तळ्यावर चाल्ले. जा राजेहो. आमी इथंच माठातलं पानी पेतो.

मिशिगनतीर | ६ एप्रिल, रात्री ९.०५

काका, मी मूळ अमरावतीची, आता मिलवॉकीपासून अर्ध्या तासावर राहते. आधी थंडीचं सांगते. एप्रिलअखेर आणि मेमध्येसुद्धा स्वेटर आणि वाऱ्याचं जाकीट लागतंच. तळ्याचं पाणी हिवाळ्याचा गारठा धरून ठेवतं, त्यामुळे शहरात ऊन असलं तरी काठावर गेलं की आठ-दहा अंशांनी उतरतं. इथल्या हवामानाच्या बातमीत "तळ्याजवळ थंड" हे शब्द रोज असतात.

आणि तळं म्हणू नका हो, पाहिल्यावर कळेल. पलीकडचा काठ दिसत नाही. सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर आहे. आपला अख्खा अमरावती विभाग, पाचही जिल्हे, त्यात बुडवले तरी जागा उरेल. अख्ख्या शहराचं पिण्याचं पाणी याच तळ्यातून येतं आणि बिअरलाही तेच.

ब्रुअरीत पासपोर्ट जवळ ठेवा. वय २१ च्या वर आहे हे दाखवायला मागतात, केस पांढरे असले तरी मागतात. "फ्लाइट" मागवा, म्हणजे छोट्या छोट्या ग्लासांत चार-पाच प्रकार चाखायला देतात. आख्खा ग्लास घेऊन फसण्यापेक्षा ते बरं. आणि बिलावर १८-२० टक्के टिप ठेवावी लागते, ते आधीच मनात धरा.

काकूंसाठी कोरडी चटणी, सावजी मसाला, मेतकूट आणायला हरकत नाही. बियाणं, ताजी फळं, भाजी, मांस मात्र पिशवीत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात.

पुण्यातला_वऱ्हाडी | ७ एप्रिल, सकाळी ११.३०

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली, तिथे मी पहिल्यांदा ताजी बिअर प्यायलो. बाटलीतलीशी तुलनाच नाही. काका, गव्हाची बिअर मिळाली तर नक्की घ्या. केळाचा आणि लवंगेचा वास येतो, पण आत ना केळ ना लवंग. सगळी करामत यीस्टची. आयपीए नावाची कडू असते, ती शेवटी घ्या. नाहीतर जीभ कडूच राहते, बाकी कशाची चव लागत नाही. आणि गाडी जावयाला चालवायची असेल तर त्यांना पिऊ देऊ नका. आपल्याकडे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तिकडे ८० असली तरी पोलिसाने पकडलं की सुटका नाही.

घाटंजीची_सून | ७ एप्रिल, दुपारी २.१०

मी या संस्थळावर फार लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. आमच्या गावात संध्याकाळी सहाच्या पुढे बायका नळावर जात नाहीत. कशामुळे, ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या सासऱ्यांचं चार एकर कशात गेलं तेही सगळ्यांना माहीत आहे. इथे "लवंगेचा वास", "फ्लाइट" वाचलं की वाटतं तुम्ही दुसऱ्याच कुठल्या वस्तूबद्दल बोलता आहात. प्रवासाला जा, चांगलं जा. पण जरा जपून लिहा.

धुरेकरी | ७ एप्रिल, रात्री ८.००

सूनबाई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझा चुलतभाऊ असाच गेला, बत्तिसाव्या वर्षी, अन् जिल्ह्यात बंदी असताना गेला. त्यामुळे मी दारूची तरफदारी करणार नाही अन् बंदीचे गोडवेही गाणार नाही. जे पाहीन ते लिहीन.

मोहफूल | ८ एप्रिल, पहाटे ५.२०

अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया. आत्ता मोह वेचायला निघतो आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. फुलं पहाटे गळतात, ऊन चढलं की गाई-बकऱ्या अन् अस्वलं संपवतात. आमच्याकडेही तळ्यांचीच वस्ती आहे, नवेगाव बांध, इटियाडोह. कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव तर गावोगाव. पण तळ्याकाठी हॉटेलात बसून मासे खाणं आमच्या नशिबी नाही. मासे ढिवर आणतो, आम्ही घरी रांधतो.

एक विचारून या काका. तिकडे ब्रुअरीवाल्याला परवाना काढताना किती हेलपाटे पडतात? आमची मोहाची भट्टी म्हणजे चोरी, अन् बाटलीवर लेबल लागलं की तीच वस्तू साहेबाच्या टेबलावर. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला हेरिटेज म्हणून परवानगी दिली. इकडे अजून रान पेटवायचं नाही अन् फुलं वेचायची, एवढंच.

मिशिगनतीर | २३ एप्रिल, रात्री १०.४०

काका-काकू सुखरूप पोचले. काल आमच्याकडे जेवायला होते. काकूंनी येताना तुरीच्या दाण्यांची भाजी वाळवून आणली आहे! बाकीचं तेच लिहितील.

धुरेकरी | ३ मे, पहाटे ४.१५ (इथे झोपेची वेळ अजून जमत नाही)

ताईने तळ्याबद्दल लिहिलं तेव्हा मी हसलो होतो. पहिल्या दिवशी काठावर उभा राहिलो अन् सौ.ला म्हटलं, समुद्र आहे हा. ती म्हणाली, "मग खारा वास काहून येत नाही?" खरंच येत नाही. वारा मात्र असा, की टोपी दोनदा उडाली.

काठावर एक चित्रसंग्रहालय आहे, त्याच्या माथ्यावर पांढरे पंख बसवले आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २१७ फूट. दुपारी बारा वाजता ते मिटतात अन् पुन्हा उघडतात, वारा जास्त असला तर आपोआप बंद. आतली चित्रं आम्हाला समजली नाहीत. पंखांसाठी मात्र दोनदा गेलो.

आता मूळ मुद्दा. जावयाने पहिल्यांदा लेकफ्रंट नावाच्या ब्रुअरीत नेलं. नाव तळ्याचं, पण बसली आहे नदीच्या काठावर, जुन्या वीजघराच्या इमारतीत. दोन भावांनी १९८७ मध्ये सुरू केलेली. आत माणूस फिरवून दाखवतो अन् फिरतानाच हातात ग्लास देतात. मला वाटलं होतं आधी ज्ञान, मग प्रसाद. इथे दोन्ही संगंच.

कृती ऐकली तर तुम्ही म्हणाल, ही तर आपल्या घरची. जव भिजवायचा, मोड आणायचे, सुकवायचा. झाला माल्ट. आपण नाचणीचं सत्त्व करतो तसंच. तो भरडायचा, साधारण ६५ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचा, म्हणजे दाण्यातल्या पिठाची साखर होते अन् गोड पाणी उतरतं. मी ते चाखलं. कोवळ्या हुरड्याचं पाणी असतं तर असंच लागलं असतं. मग त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं टाकून उकळायचं, ती कडवटपणा देतात अन् टिकाऊपणाही. (ही वेल अन् आपली भांग एकाच कुळातली, हे त्या पोराने सांगितलं तेव्हा जावई माझ्याकडे पाहायचं टाळत होता.) थंड करून यीस्ट घातलं, की पुढचं काम त्याचं.

शेवटी काही प्रश्न आहेत का, विचारलं. सगळे म्हणे यात अल्कोहोल किती, त्यात किती. मी विचारलं, चोथा कुठे जातो? जावयाने इंग्रजीत सांगितलं. तो पोरगा थांबला अन् म्हणाला, हे पहिल्यांदा कोणी विचारलं.

खरं उत्तर मिळालं ते दुसऱ्या एका लहानशा ब्रुअरीत, गावाबाहेर. मालक स्वतःच उभा होता. चोथा गोठेवाला घेऊन जातो, फुकट. अट एकच, दोन दिवसांत उचलायचा. त्यात तीन हिस्से पाणी असतं, नाही नेला तर आंबतो अन् वास सुटतो. साखर निघून गेल्यामुळे वाळवून पाहिलं तर प्रथिनं भरपूर, गाय दुधाला चढते. हे विस्कॉन्सिन राज्यच गाईंचं. म्हणजे जव, बिअर, चोथा, गाय, चीज, अन् तेच चीज तळून परत बिअरसोबत. वर्तुळ पुरं. मी तिथेच सरकीच्या ढेपेचा भाव मनात आणला अन् गप्प बसलो.

बोंडअळी | ३ मे, दुपारी १.००

काका अमेरिकेत जाऊन ढेपीचा भाव पाहून राह्यले. याले म्हन्तेत जातीचा शेतकरी.

सत्त्व | ३ मे, दुपारी ३.२५

अन्नतंत्र शिकलोय, अकोल्यात असतो. काका, लेकफ्रंटची 'न्यू ग्रिस्ट' नावाची बिअर मागून पाहा. २००६ मध्ये आणलेली आहे. ग्लुटेन न चालणाऱ्या लोकांसाठी जव आणि गहू दोन्ही टाळून ज्वारी आणि तांदळाची केली आहे.

धुरेकरी | ३ मे, रात्री ११.५०

काय म्हणता! ज्वारीची? उद्याच जातो.

मिशिगनतीर | ४ मे, सकाळी ७.३०

उद्या कशाला, शुक्रवारी जा. शुक्रवारी तिथे फिश फ्राय असतो. इथे ही जुनी रीत आहे. जर्मन आणि पोलिश कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नसत म्हणून मासा. १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती तेव्हा बिअर विकता येत नव्हती, मग बारवाल्यांनी माशाच्या ताटांवर गिऱ्हाईक टिकवलं, असं इथले जुने लोक सांगतात. त्याच काळात पाब्स्टसारख्या मोठ्या बिअर कंपनीने चीज विकून दिवस काढले.

धुरेकरी | १० मे, पहाटे ५.००

शुक्रवारी गेलो. एवढ्या गर्दीत एक म्हातारा अकॉर्डियन वाजवतो आहे, लोक टेबलांच्या मधून नाचताहेत, अन् त्यांच्यात सहा वर्षांची पोरंही. इथे कायदा असा, की आईबाप सोबत असले तर लहान पोरालाही प्यायला मिळू शकते. मी आधी विश्वास ठेवला नाही. घाटंजीच्या सूनबाई, हे वाचून तुम्ही कपाळाला हात लावाल, मीही लावला. पण एक सांगतो, तीन तासांत एकही माणूस तोल जाऊन पडलेला पाहिला नाही. दुसऱ्या ठिकाणी असतीलही, मी पाहिले नाहीत.

मासा चांगला होता, वरून कुरकुरीत, आत पांढरा. सोबत राय नावाच्या धान्याची पोळी म्हणू का ब्रेड, कोबीची कोशिंबीर, अन् बटाट्याचं धिरडं सफरचंदाच्या गोड चटणीसोबत. तिखट नावाला नाही. सौ.ने पर्समधून चटणीची डबी काढली अन् धिरड्याला लावली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, थोडी चाखली, अन् मग अर्धा ग्लास बिअर एका दमात संपवली. कोणता मासा म्हणून विचारलं तर कॉड. म्हणजे समुद्राचा! तळ्याकाठच्या शहरात बसून आम्ही समुद्राचा मासा खाल्ला.

अन् ज्वारीची बिअर. फिक्कट पिवळी, हलकी. पहिल्या घोटाला काहीच कळलं नाही. दुसऱ्याला किंचित आंबूस गोडवा, आंबील उन्हात जरा जास्त वेळ राहिली की लागतो तसा. आई करायची, ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून. सांगायला लाज वाटते, पण ग्लास तसाच समोर ठेवून मी बराच वेळ बसलो. बापाच्या काळी आमच्याकडे संकरित ज्वारी, सीएसएच-५ होती, मग सीएसएच-९. आठ एकर. भाकर ज्वारीची, बैलाला कडबा ज्वारीचा, पाहुण्याला हुरडा ज्वारीचा. सोयाबीन आलं अन् एकेक तुकडा करत ती गेली. रानडुकरं, पाखरं, मजुरी, भाव, सगळी कारणं खरी आहेत. पण शेवटचा तुकडा कोणत्या वर्षी मोडला, ते मला आठवेना. जावयाने विचारलं, आवडली नाही का? म्हटलं, आवडली.

सत्त्व | १० मे, सकाळी १०.४०

काका, एक तांत्रिक गोष्ट. ज्वारीला मोड आणून जवासारखा माल्ट करणं सोपं नसतं. पिठाची साखर करणारं विकर तिच्यात कमी असतं आणि तिचा स्टार्च फुलायला उष्णता जास्त लागते. म्हणून पुष्कळदा ज्वारीचा पाक वापरतात. आफ्रिकेत मात्र ज्वारीची आंबट, दाट बिअर पूर्वापार आहे. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी पिकते ती कॅन्सस राज्यात, पण तिथे ती मुख्यतः जनावरांना जाते.

मोहफूल | ११ मे, सकाळी ६.००

म्हणजे तिकडे ज्वारी गाईला अन् बिअरला, माणसाला नाही. अन् आमच्याकडे आता माणसाला तांदूळ, गाईला काही नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी | ११ मे, रात्री ९.१५

पिण्याच्या पाण्याबद्दल वर आलं म्हणून: १९९३ मध्ये याच मिलवॉकीत नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवी पसरून सुमारे चार लाख लोक आजारी पडले होते. मग त्यांनी शुद्धीकरण बदललं, ओझोन वापरायला लागले. नुसतं तळं मोठं असून भागत नाही.

बोंडअळी | ११ मे, रात्री ९.२०

आला मास्तर.

धुरेकरी | १९ मे, पहाटे ४.५०

सौ.चं लिहायचं राहिलं होतं. तिला एकच जागा आवडली, एस्टाब्रुक नावाचा बाग. नदीकाठी झाडाखाली लांब लाकडी बाकं, सरकारी बागेतच बिअर विकतात, अन् घरून डबा नेलेला चालतो! जर्मन पद्धत आहे म्हणे. बस, सौ.ने सकाळी ज्वारीच्या भाकरी थापल्या (पीठ इंडियन दुकानातलं, ज्याची भाकर थापताना तीनदा मोडली अन् दुकानदाराचा उद्धार झाला), झुणका, मिरचीचा ठेचा, कांदा. जावई बिअर, मी अर्धी, अन् सौ.ला आणली स्प्रेकर कंपनीची रूट बिअर. नावात बिअर असली तरी दारू नाही, मध घालून करतात. तिने एक घोट घेतला अन् म्हणाली, "हे तर गुडघ्याले लावायचं मलम आहे." वास तसाच आहे, खोटं नाही. पण बाटली संपवली.

चीजचे ताजे गोळे खाल्ले, दाताखाली किचकिच वाजतात. शिळे झाले की वाजत नाहीत, तोच ताजेपणाचा पुरावा.

एका हॉटेलात मात्र फजिती झाली. मी टिप देऊन झाल्यावर कळलं की ती बिलात आधीच जोडलेली होती. जावई म्हणाला जाऊ द्या. सत्तावीस डॉलर! मी अजून जाऊ दिलेले नाहीत.

मोहफूल भाऊ, परवान्याचं विचारलं. त्या लहान ब्रुअरीवाल्याने सांगितलं की केंद्राचं वेगळं, राज्याचं वेगळं, अन् वर गावाचं. त्याला वर्ष लागलं. म्हणाला, कागद पुष्कळ, पण चोरून कोणाला काही द्यावं लागलं नाही. तुमच्या मोहाचं मी त्याला सांगितलं. फुलापासून दारू म्हटल्यावर त्याचे डोळे मोठे झाले. फूल किती गोड असतं, विचारत होता. मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा.

मोहफूल | १९ मे, सकाळी ७.१०

वाळलेलं मोह तोंडात टाकलं तर मनुक्यासारखं लागतं, पण मागून एक रानटी वास येतो, तो शहरी माणसाला आवडेल की नाही सांगता येत नाही. त्याला म्हणावं, मार्चअखेर नवेगावला ये. टोपली मी देतो, वेचायचं त्याने.

घाटंजीची_सून | १९ मे, दुपारी ३.००

काका, सगळं वाचलं. काकूंची भाकर नदीकाठी गेली, ते आवडलं. बाकी माझं मत तेच आहे.

धुरेकरी | ४ जून, संध्याकाळी ६.३०

पोचलो. आर्वीत उकाडा. जेट लॅग का काय म्हणतात त्यात दुपारी झोपतो अन् रात्री धुऱ्यावर फिरतो. सूनबाई, तुमचं मत तसंच राहू द्या, माझंही अर्धं तेच आहे.

सत्त्व | ५ जून, सकाळी ९.००

काका, मग ज्वारी पेरताय का यंदा?

धुरेकरी | ५ जून, रात्री ८.१५

पोरगं म्हणतं वेडे झाले. पाहू.

बोंडअळी | १२ सप्टेंबर, सकाळी ७.००

धागा वर काढून राह्यलो. काका, ज्वारीचं काय झालं? पेरली का न्हाई?

धुरेकरी | १२ सप्टेंबर, रात्री ९.३०

सोयाबीनच्या कडेला सहा तास (म्हणजे ओळी) टाकली होती. डुकरांनी दोन तास आडवे केले. उरलेल्या चार तासांवर आता पोपट बसतात, सौ. पत्र्याचा डबा घेऊन जाते. कणसं भरली तर हुरड्याला या सगळे. मोहफूल भाऊ, तुम्ही येताना बाटली आणू नका, इथे बंदी आहे. मासे आणा.